रेड्याचे रिकामे दिवस

पास्कलकाका रेड्याला 'तुम्ही' म्हणत आणि सोसायटीच्या अध्यक्षांना 'तू'. अध्यक्ष नाना म्हणजे पंचवीस म्हशींचे मालक, कुठेही गेले तरी लोक उठून खुर्ची देत असा माणूस. त्यांनी एकदा ही गोष्ट चारचौघांत बोलून दाखवली. पास्कलकाका शांतपणे म्हणाले, "नाना, तू गावातला हायस. त्यो बाहेरगावशी आलेला पावना हाय. पावन्याला तू कसा म्हनायचा?" नाना हसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मीरा रोड स्टेशनातून बाहेर पडलं की तेव्हा मिठागरं आणि भातखाचरं, मधूनमधून म्हशींचे तबेले. काशीगावच्या रस्त्यावर अकरा तबेलेवाल्यांनी मिळून एक दूध सोसायटी काढली होती. एक पत्र्याची शेड, दुधाचे कॅन ठेवायला ओटा, आणि एक खोली कचेरी म्हणून. त्या कचेरीत मी कारकून. वय बावीस, मॅट्रिक पास, रत्नागिरीकडचं बिऱ्हाड. भाईंदर पश्चिमेला आमच्या दोन खोल्या होत्या. वडील आजारपणामुळे गिरणीतून घरी बसलेले, धाकटी दोन भावंडं शाळेत. घरात कमावणारी मी एकटी.

काम मला आवडायचं. सगळं यादीत बसवता येई, आणि यादी केली की मला बरं वाटे. अजूनही वाटतं. कुठला कागद कुठे आहे हे मी डोळे मिटून सांगत असे, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता. पुढे जे लिहायचं आहे त्यात याच अभिमानाचा संबंध येतो म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पास्कलकाका उत्तनचे. सरकारी खात्यात काही वर्षं स्टॉकमन म्हणून काम करून ते सोसायटीत आले होते. स्टॉकमन म्हणजे गुरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस, पण तबेलेवाले त्यांना डॉक्टरच म्हणत. कौतुकाने म्हणत की चिडवून, ते ज्याच्या-त्याच्या म्हशीच्या तब्येतीवर अवलंबून असे. वय पंचेचाळीसच्या पुढे, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. उत्तनहून सायकलने येत. जनावराला हात लावण्याआधी हात एकमेकांवर चोळून गरम करत, उन्हाळ्यातसुद्धा. खुर्चीवर कधी बसले नाहीत. कचेरीत आले की दाराच्या उंबऱ्यावर टेकत आणि खिशातून पाव काढून चहात बुडवून खात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा असत: सणांच्या तारखांभोवती गोल आणि म्हैस माजावर येण्याच्या तारखांवर फुली. एकदा गुड फ्रायडेवर फुली आणि गोल दोन्ही पडले तेव्हा ते बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत उभे होते.

"शिकतोय अजून," हे त्यांचं आवडतं वाक्य. कच्च्या आंब्याला ते तसं म्हणत. पहिल्यांदा उठून धडपडणाऱ्या रेडकाला तसं म्हणत. नवीन पोस्टमनने पत्रं चुकीच्या तबेल्यात टाकली तेव्हाही हेच म्हणाले. कुठलीही गोष्ट बिघडली आहे असं त्यांना सहसा वाटत नसे. ती अजून झालेली नाही, एवढंच वाटे.

सोसायटीने रेडा आणला तो त्यांच्याच सांगण्यावरून. तोवर म्हैस आटली की मालक तिला विकून टाकत, नाहीतर लांब गावी पाठवत. गावातच चांगला रेडा असेल तर म्हैस इथेच गाभण राहील आणि इथेच पुन्हा दुधाला येईल, हा साधा हिशेब. गुजरातेतून ट्रकमधून तो आला. तीन वर्षांचा, काळाभोर, कपाळावर पांढरा ठिपका. नानांनी त्याचं नाव सुभेदार ठेवलं. पहिल्याच दिवशी दोघे जण म्हशी घेऊन दारात हजर. पास्कलकाकांनी त्यांना परत पाठवलं.

"तीन हप्ते त्यांना काय काम न्हाय," ते म्हणाले. 'त्यांना' म्हणजे सुभेदाराला.

"तीन आठवडे? अरे, पाहुणा आणलाय की जावई?" नाना म्हणाले.

"कवला हाय त्यो. परवास करून आलाय. शिकतोय अजून."

तीन आठवड्यांनंतर काम सुरू झालं ते त्यांच्या नियमाने. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एकच म्हैस. बाकीचे चार दिवस रेडा रिकामा. त्या रिकाम्या दिवशी ते सुभेदाराला घेऊन काशीगावच्या तळ्यावर जात. त्याला पाण्यात बसवत, स्वतः काठावर बसून त्याच्याशी बोलत आणि ऊन कलल्यावर परत आणत. रस्त्याने जाणारा-येणारा हे बघे. हे बघितलेलं पुढे वेगळ्याच कामाला आलं.

रेड्याचं वेळापत्रक मी लिहीत असे. कुणाची म्हैस, कुठल्या दिवशी, राहिली की उलटली. उलटली म्हणजे गाभण न राहता तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली. बावीस वर्षांच्या अविवाहित मुलीने हे लिहायचं म्हणजे सुरुवातीला मालकांनाही जड जाई. ते नजर दुसरीकडे करून नावं सांगत. मी लिहीत असे आणि आपण काय लिहितोय याचा विचार करत नसे. मला वाटे, यादी नीट असली म्हणजे झालं. यादी कशाची आहे हे कळायची गरज नाही.

पास्कलकाकांना ते पटत नव्हतं. एका रविवारी सकाळी ते भाईंदरच्या खाटकाकडून बोकडाचे कपुरे, म्हणजे वृषण, घेऊन आले आणि वर्तमानपत्राचं पुडकं माझ्या टेबलावर उलगडलं. मी रजिस्टरं उचलून छातीशी धरली. नाना आणि आणखी दोन-तीन मालक आधीच बोलावलेले होते. पास्कलकाकांजवळ एक पितळी सूक्ष्मदर्शक होता, कुणा निवृत्त डॉक्टरने जाताना त्यांना दिलेला. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात मांडला.

"हे अंड," ते म्हणाले. "हितं बीज तयार व्हतं. त्यालाच कितीतरी हप्ते जातात. पन तयार व्हतो तो नुसता ढाचा. डोकं हाय, शेपूट हाय, पवता येत न्हाय." मग त्यांनी अंडाच्या पाठीला चिकटलेली पांढुरकी, फुगीर पट्टी नखाने हलकेच सोडवली. "आनि ही त्याची शाला."

पुस्तकात तिला अधिवृषण म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. ते तिचं इंग्रजी नाव घेत, एपिडिडिमिस, आणि दर वेळी त्यात एखादा 'डि' जास्त पडे. ती पट्टी म्हणजे पट्टी नव्हेच, एक नळी आहे. दोऱ्याहून बारीक, गुंडाळून गुंडाळून बसवलेली. रेड्याची सरळ केली तर वीस वाव, म्हणजे सव्वाशेक फूट तरी भरेल, असं ते म्हणाले.

"एवढी नळी कशाला?" नानांनी विचारलं.

"माझा बाप मिठागरावं व्हता. भरतीचं पानी पयल्या वाफ्यात घेतात, तितं मीठ मिलतं का? न्हाय. मंग दुसऱ्या वाफ्यात सोडतात, मंग तिसऱ्यात. पानी आटतं, दाट व्हतं. शेवटल्या वाफ्यात मीठ धरतं. हितंपन तसंच. नलीच्या डोक्याकडून शेपटीकडं यायला धा-बारा दिवस. पानी आटतं, बीज पिकतं. शेपटीत येऊन गपचूप पडून ऱ्हातं, बोलावनं येईपत्तर. आता तू रोजच्या रोज शेवटचा वाफा उपसलास तर काय मिलंल तुला?"

"खारं पाणी," नाना म्हणाले.

"तेच मी सांगतो."

मग त्यांनी दाखवलं. नळीच्या डोक्याकडचा एक कण कोमट मिठाच्या पाण्यात, काचेवर. नानांनी डोळा लावला. बीजं जागच्या जागी थरथरत होती, पुढे सरकत नव्हती. मग शेपटीकडचा कण. नाना बराच वेळ उठले नाहीत.

"पळतायत रे," ते म्हणाले. आणि जरा थांबून, हळू आवाजात, "हे आपल्यातपण असतात?"

"तुझी पाच पोरं कुटनं आली मंग?"

सगळे हसले. मी मात्र भिंतीकडे बघत होते. पास्कलकाकांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "बाय, तूपन बघ. रेड्याच्या तारखा तू लिवतेस. तू बघायला पायजे."

इतक्या पुरुषांसमोर मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले. मनात पाचपर्यंत मोजलं. "दिसलं," म्हणाले आणि कॅन मोजायच्या निमित्ताने बाहेर गेले.

त्यानंतरच्या थंडीत पास्कलकाकांना कावीळ झाली. थंडी म्हणजे म्हशी माजावर येण्याचे दिवस, एरवी महिन्यात येत नाहीत तेवढ्या त्या दिवसांत आठवड्यात येतात. डोळे पिवळेजर्द झालेले असतानाही ते सायकल रेटत आले, उंबऱ्यावर टेकले आणि कागद मागितला. पेन्सिलीने लिहून माझ्या हातात दिलं. 'सोमवार, गुरुवार, शनिवार. दिवसाला एक म्हैस. बाकी दिवस रेडा रिकामा. पास्कल.' खाली रेघ ओढली होती. मी त्या कागदाला भोकं पाडली आणि तो 'रेडा – सूचना' या फाइलमध्ये लावला.

ते पाच आठवडे आले नाहीत.

पहिले दोन आठवडे मी चिठ्ठीप्रमाणे चालले. पण प्रतीक्षेत असलेल्या म्हशींची यादी लांबत गेली, आणि माजावरची म्हैस थांबत नाही. आज गेली की तीन आठवडे गेले. एका मंगळवारी तबेलेवाले दुबेजी आपली म्हैस घेऊन आले. मी म्हटलं, आज रिकामा दिवस आहे.

"अरे बिटिया," दुबेजी म्हणाले, "रेडा क्या दफ्तर जाता है, जो छुट्टी लेगा?"

सुभेदाराला सांभाळणारा रामसमुझ म्हणाला, "बाई, पास्कल बाबा मना किये हैं."

मी यादीकडे बघितलं. सतरा नावं होती. रेडा तर समोर ठणठणीत उभा होता, दोर ताणत होता. मी दुबेजींची म्हैस आत घ्यायला सांगितली. बुधवारी एक. शुक्रवारी दोन. पुढच्या आठवड्यापासून मी सरळ वेळापत्रकच नवीन केलं. रोज दोन, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. सुभेदाराने एकदाही नकार दिला नाही, आणि मला तेवढा पुरावा पुरेसा वाटला. तीन आठवड्यांत यादी संपली. शेवटच्या नावावर रेघ मारली तेव्हा नाना स्वतः पेढे घेऊन आले. "त्या पास्कलला जे जमलं नाही ते बाईने करून दाखवलं," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मी पेढा घेतला.

पास्कलकाका परत आले तेव्हा अर्धे झाले होते. नंबर लावलेल्या म्हशींची नावं लिहायचा फळा कचेरीत होता, त्याकडे त्यांनी बघितलं. फळा कोरा होता.

"सगल्या झाल्या?"

"झाल्या. जमवलं मी."

"चिठ्ठीपरमानं?"

"यादी फार होती काका," मी म्हणाले. ते वळून शेडकडे गेले आणि सुभेदाराच्या मानेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले.

आता यातली खोच अशी की म्हैस राहिली नाही हे कळायला तीन आठवडे लागतात. त्यामुळे पास्कलकाका कामावर आले आणि म्हशी उलटायला लागल्या. आधी दुबेजींची, मग नानांच्या तीन, मग रोज एखादी. मालकांच्या डोळ्यांना दिसलं ते एवढंच: बाई होती तोवर सगळं सुरळीत होतं, पास्कल आला आणि बिघडलं.

मग बोलणं सुरू झालं. आठवड्यातले चार दिवस रेडा रिकामा कशासाठी ठेवायचा? बाईने तर रोज लावून दाखवला. मग हा माणूस चार दिवस त्याला घेऊन जायचा कुठे? काशीगावच्या रस्त्यावर दोघांना जाताना कुणी पाहिलं नव्हतं? तिकडच्या तबेल्यांत रेडा फिरवून ताडीची सोय करत असणार. रेड्यात आता राहिलंय काय.

सभा दुपारी भरली, शेडमध्ये. वीस-पंचवीस पुरुष आणि इतिवृत्त लिहायला मी. नानांनी आरोप सांगितला. पास्कलकाका उभे होते, हात मागे बांधून.

"रेडा मी तल्यावर नेत व्हतो. तबेल्यावर न्हाय," ते म्हणाले. "रिकामे दिवस बीज पिकन्यासाठी व्हते. मी कपुरे आनून तुला दाखवलं व्हतं, नाना."

"ते बोकडाचं दाखवलंस. रेडा रोज चालला, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"रोज चालला म्हनूनच म्हशी उलटल्या. मी आजारी पडलो तवा चिठ्ठी दिली व्हती. तीन दिवस, एक म्हैस. चार दिवस कशाला ते तवाच लिवून दिलं आसतं तर तुमीपन... पन चिठ्ठी हाय. कचेरीत आसंल."

नाना माझ्याकडे वळले. "बाई, होती का अशी चिठ्ठी?"

फाइल माझ्या उजव्या हाताला होती. तिसरा कागद. मला तो बघायचीही गरज नव्हती. चिठ्ठी काढली की पुढचं सगळं माझ्यावर येणार होतं: चिठ्ठी असताना रोज दोन का लावल्या, वीस-पंचवीस म्हशींचं अख्खं वर्ष वाया घालवलं ते कुणी. आणि रोज लावल्याने काय होतं, हेही त्या पुरुषांच्या गराड्यात मला उभं राहून सांगावं लागलं असतं. घरी वडील होते. भावंडांची शाळा होती. ही कारणं मी नंतर कित्येकदा लिहून काढली आहेत, क्रमांक घालून. त्या क्षणी मात्र मी कुठलंच कारण मोजलं नाही. मी फक्त म्हणाले, "सापडत नाही."

माझ्याकडचा कागद सापडत नाही असं आजवर झालं नव्हतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की कागद नव्हताच.

पास्कलकाकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. रेडकू उठताना पडलं की ते बघत तसं, जरा वाट बघत. मी मान खाली घालून इतिवृत्त लिहीत राहिले.

"मंग नसंल दिली," ते म्हणाले. "तापात व्हतो मी."

त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. सायकलच्या कॅरियरला सूक्ष्मदर्शकाची पेटी बांधून ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडल्यावर मी ती चिठ्ठी काढली आणि फाडून टाकली. आयुष्यात जाणूनबुजून फाडलेला तो माझा एकमेव कागद.

त्याच आठवड्यात नानांनी जिल्ह्याहून गुरांचे मोठे डॉक्टर आणले. त्यांनी सुभेदाराला तपासलं आणि आपल्या सूक्ष्मदर्शकातून बीजाचा थेंब बघितला. सोसायटीचं रजिस्टर मागितलं म्हणून मीच ते घेऊन त्यांच्यासमोर उभी होते.

"बघायचंय?" त्यांनी सहज विचारलं. या वेळी मी डोळा उघडा ठेवला. बीजं थोडीच होती. काही चालत होती, पण बरीचशी जागीच वळवळत होती, आणि त्यांच्या मानेशी एकेक बारीक थेंब चिकटलेला होता.

"हा थेंब म्हणजे कच्चेपणाची खूण," डॉक्टर म्हणाले. "नळीतून उतरता उतरता तो गळून पडतो. यांना तेवढा वेळच मिळालेला नाही. साठा संपला की कच्चा माल बाहेर पडतो. रेडा चांगला आहे. दोन-तीन आठवडे पूर्ण विश्रांती द्या. मग आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला एक."

मी ते लिहून घेतलं. तारीख घातली, अक्षर नेहमीसारखंच आलं. अशा वेळी माझं अक्षर कधी बिघडत नाही, आणि ही काही चांगली गोष्ट नव्हे. नाना बाहेर सगळ्यांना सांगत होते, "बघा, जास्त वापरलाय म्हणतायत डॉक्टर. पास्कलने पार पिळून काढला होता." म्हणजे खरं काय ते कळलं, आणि त्यानेच खोटं पक्कं केलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. रजिस्टर माझ्या हातात होतं, तारखा माझ्याच अक्षरात होत्या. मी बोलले नाही. पुढच्या हंगामात म्हशी राहिल्या आणि सगळ्यांनी डॉक्टरांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला.

दर वर्षीच्या सुरुवातीला मी राहिलेल्या कामांची यादी करते. त्या वर्षापासून तिच्यात एक शब्द असे, 'उत्तन'. बाकीची कामं एकेक करून कटत गेली. भावाची नोकरी, बहिणीचं लग्न, माझं लग्न. 'उत्तन' दर वर्षी पुढच्या कागदावर जाई. भाईंदरहून उत्तनला बस जाते, तासाभराचंही अंतर नाही.

सात वर्षांनी, मीरा रोडला पहिल्या इमारती उठू लागल्या आणि तबेलेवाल्यांनी जागा देऊन टाकायला सुरुवात केली तेव्हा, सोसायटी बंद झाली. शेवटच्या दिवशी नाना दारात उभे राहून जुन्या आठवणी काढत होते. पास्कलकाकांचं नाव निघालं तेव्हा म्हणाले, "माणूस चांगला होता, पण ताडीने खाल्ला." दुसऱ्या दिवशी मी बस पकडली.

पास्कलकाका घरामागच्या वाडीत वांग्याच्या रोपांत बसले होते, हातात खुरपी. केस पूर्ण पांढरे. मला बघून उठले नाहीत, फक्त बाजूला सरकले, जणू उंबऱ्यावर मला जागा करून देताहेत.

"काय बाय, लगीन झालं वाटतं?"

मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. चिठ्ठी होती. तिसरा कागद. फाडली मी.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "दिली ती मला ठाऊक, घेतलीस ती तुला ठाऊक."

"मग बोलला का नाहीत? जोर धरला असतात तर त्यांनी फाइल उघडली असती."

"उघडली आसती. आनि तुला हुभी केली आसती. सांग बाई, रोज लावला तर काय व्हतं. तू काय सांगितलं आसतंस? तू डोलं मिटून बघितलंवतंस." त्यांनी एका रोपाची माती दाबली. "चूक माझीपन व्हती. येवढ्या बाप्यांम्होरं तुला बघायला लावलं. एकटीला दाखवायला पायजे व्हतं."

मी रडले असते तर बरं झालं असतं. मी विचारलं, आता काय करू. मी नानांकडे जाऊन सांगते. अकराही जणांकडे जाते. पत्ते आहेत माझ्याकडे.

"नाना काय माझ्या घरात ऱ्हात न्हाय," ते म्हणाले. "रेजिनला सांग."

रेजिनबाई म्हणजे त्यांची बायको. सभेनंतर ताडीची गोष्ट उत्तनपर्यंत पोहोचली होती. तिने त्यांना गावच्या क्रुसासमोर उभं केलं होतं आणि त्यांनी शपथ घेतली होती की रेडा कुठेही फिरवला नाही. तिने ती शपथ खरी मानली नाही. एवढे लोक सांगतात, आणि कचेरीतली शिकलेली पोरगी चिठ्ठी नव्हती म्हणते, म्हणजे नव्हतीच. काम गेल्यावर तिने माशांची पाटी डोक्यावर घेतली, ती अजून उतरवली नव्हती.

"माझं सांगून झालंय," पास्कलकाका म्हणाले आणि पुन्हा खुरपायला लागले.

रेजिनबाई पडवीत बोंबील साफ करत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. काही गाळलं नाही. बीज कुठे तयार होतं, त्या नळीत किती दिवस राहतं, शेपटीशी कसं साठतं, रोज उपसलं तर काय होतं. जे शब्द मला वीस पुरुषांसमोर बोलता आले नव्हते ते सगळे त्या बाईसमोर बोलले. मग चिठ्ठीचं सांगितलं. ती मध्येच थांबली नाही. एकेक बोंबील हातात घेई, डोकं काढी, पोट साफ करी, पातेल्यात टाकी. माझं बोलणं संपलं तेव्हा टोपली रिकामी झाली होती.

"म्हंजे शपथ खरी व्हती," ती म्हणाली.

"खरी होती."

"सात वरसं मी त्याला खोटी शपथ घेनारा म्हनून जेवायला वाढलं. पोरांम्होरं बोलले मी." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "तवा का न्हाय बोललीस?"

"नोकरी गेली असती."

"आनि त्याची गेली ती?"

क्रमांक घातलेल्या माझ्या सगळ्या कारणांपैकी एकही मला आठवलं नाही. तिने पातेलं झाकलं, हात न धुताच उठली आणि मागच्या दाराने वाडीत गेली.

रस्त्याकडे जाणारी वाट वाडीतूनच होती. मी चपला हातात घेऊन दारातच थांबले. पास्कलकाका आमच्याकडे पाठ करून बसलेले होते आणि खुरपी चालत नव्हती. कधीपासून थांबली होती कोण जाणे. रेजिनबाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मग ती लुगडं सावरून त्यांच्याशेजारी मातीत बसली, आणि पास्कलकाकांनी खुरपी बाजूला ठेवली.

त्यांच्या अंगावरून जायचा मला धीर झाला नाही. कुंपण ओलांडून शेजारच्या वाडीतून मी रस्त्यावर आले.